दिलावर मुलाणीची मगरिब

दिलावर मुलाणीला नमाज येत नव्हती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बाहेर मात्र गडी स्वतःला पाच वक्ताचा नमाजी म्हणवून घ्यायचा. शुक्रवारी गोदामातून येताना खाली पार्किंगमध्येच खिशातली टोपी काढून डोक्यावर चढवायचा, म्हणजे लिफ्टमधल्या लोकांना वाटावं, मुलाणीशेठ मशिदीतनंच आले. खुर्शीद दार उघडायची, टोपीकडं एकदा बघायची आणि आत निघून जायची. बत्तीस वर्षं संसार केल्यावर नवरा जोखायला बाईला तराजू लागत नाही.

माणूस वाईट म्हणावा तर तसाही नव्हता. नुसता फुगलेला. साताऱ्याकडं त्याचा बाप गावचा मुलाणी, जत्रेत बोकड हलाल करायचा त्याचा मान. गावात मशीद नव्हती, तेव्हा नमाज बापाला येत नव्हती आणि आज्यालाही नव्हती. सुरी फिरवताना म्हणायचं 'बिस्मिल्ला अल्लाहू अकबर' तेवढं वारशानं आलं. त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नव्हतं. पण द्रोणागिरीला दोन गोदामं झाली, उलव्यात सातव्या मजल्यावर फ्लॅट झाला, आणि या बाबाला वाटायला लागलं की जे येत नाही तेही आपल्याला येतंच.

हे अंगाशी आलं ते लेकीचं, तरन्नुमचं, लग्न ठरवताना. पोरीला साजिद आवडला होता. रबाळ्याच्या एका कंपनीत दोघं बरोबर कामाला. मुलगा सरळ, घर चांगलं. वडील आतारगुरुजी, मूळचे कराडकडचे, कोपरखैरण्यात राहणारे, शिक्षकी करून रिटायर झालेले. त्यांची मागणी एकच होती. हुंडा नको, हॉल नको, मुलीचं घर तेवढं दीनदार, धर्म पाळणारं पाहिजे.

दिलावरनं फोन स्पीकरवर टाकला आणि सोफ्यावर मांडी घालून सुरू झाला.

"गुरुजी, आपल्याकडं एक वक्त चुकत नाही. घरात जमात होती, सगळे एकत्र पढतात. पुढं मीच उभा असतो."

गुरुजी पलीकडून म्हणाले, "फार चांगलं. मग रविवारी मगरिब, संध्याकाळची नमाज, तुमच्याच मागं पढू."

फोन ठेवल्यावर दिलावरचं तोंड असं झालं, की खुर्शीदला स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडाला लावावा लागला. बोलायला काय जातंय, जिभेला हाड नसतं. पण तरन्नुमचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू मावळलं. पोर रडकुंडीला आली होती.

"अम्मी, रविवारी सगळं उघडं पडणार."

"पडू दे," खुर्शीद म्हणाली. पण तसं तिला वाटत नव्हतं.

हातात आठ दिवस होते. शहाण्या माणसानं मशिदीत जाऊन मौलानाचे पाय धरले असते. खुर्शीदनं सुचवून बघितलं. दिलावर म्हणाला, "त्या पोराला अजून नीट दाढी फुटली न्हाई. त्याच्यापुढं मी वाकू?" मग मोबाइलवर शोधून बघितलं. तिथं दहा माणसं दहा गोष्टी सांगत होती. दोन मिनिटांत त्यानं तो नाद सोडला.

बायकोला विचारायचं? ते तर त्याच्या स्वप्नातसुद्धा नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून त्यानं खुर्शीदला मीठ कुठाय यापलीकडं काही विचारलेलं नव्हतं. गोदाम घेताना नाही, फ्लॅट घेताना नाही, आणि पोरीला शिकवायचं ठरलं तेव्हाही नाही. ती पाच वेळा बेडरूमच्या कोपऱ्यात जानमाज, नमाजेची चटई, अंथरायची, नमाज पढायची, घडी घालून ठेवायची. घरातलं कपाट जसं दिसतं तशी ती त्याला दिसायची.

मंगळवारी दुपारी सजद्यातून, जमिनीला टेकलेलं कपाळ उचलून, उठताना तिला दाराच्या फटीत मोबाइल दिसला. मोबाइलमागं दिलावरचा अंगठा. तिनं नमाज पुरी केली, शेवटचा सलाम फेरला, तोवर अंगठा पसार. बुधवारी परत तेच. गुरुवारी ती बाजारातून लवकर आली, तर हॉलचे पडदे ओढलेले आणि शेठ एकटेच नमाजीत.

खुर्शीद दारातच थबकली. गड्यानं हात छातीवर बांधले होते. रुकूत जरासा वाकला. सजद्यात पोट मांडीला चिकटवून, कोपरं जमिनीवर टेकून मुटकुळं करून पडला. बसला तो दोन्ही पाय उजवीकडं काढून, अंग चोरून. ओठ नुसते हलत होते, आवाज नाही. ही सगळी बाईची नमाज होती. पुरुष हात बेंबीखाली बांधतो, पाठ सपाट करून वाकतो, सजद्यात कोपरं वर उचलतो, आणि मगरिबला पुढं उभा राहिला तर मोठ्यानं पढतो. सहा फुटी मिशाळ माणूस खुर्शीदसारखा लाजून बसला होता. ओठांतसुद्धा काही नसणार, हे तिनं ओळखलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठनं येणार?

तिला किळस आली. चोरून घ्यायचं तेही नीट घेता येऊ नये? आयुष्यभर दुसऱ्याच्या कष्टावर आपली पाटी लावणारा माणूस हा. तरी पोरीसाठी तिनं जीभ उचलली.

"अहो, ऐका जरा. ही पद्धत बायकांची..."

दिलावर दचकला, आणि दचकला म्हणूनच भडकला. "तू मला शिकवू नगंस. बत्तीस वर्सं हे घर कुणी चालवलं? तुझं काम चूल. जा."

खुर्शीद गेली. तरन्नुमनं रात्रीच्या जेवणाआधी हात धरून विनवलं, अम्मी, सांग ना त्यांना. खुर्शीद म्हणाली, "सांगायला गेले होते. विचारलं तर सांगीन. आपनहून परत न्हाई." पोरीचा जीव टांगणीला लागला होता, हे तिला दिसत होतं. तिचाही लागला होता. पण कुणाच्या तरी कानात जबरदस्तीनं ओतता येत नाही, तेलसुद्धा नाही.

रविवारी पाहुणे आले. गुरुजी, त्यांची बायको आणि साजिद. चहा झाला, शेंगदाण्याची चिक्की झाली, दिलावरनं गोदामाच्या क्षेत्रफळाचं पुराण सांगून झालं. सूर्य बुडाला. गुरुजी आणि साजिद वजू करून, हातपायतोंड धुऊन आले आणि नम्रपणे मागं उभे राहिले. बायका आतल्या खोलीत, पडद्याआड. पडदा पातळ होता.

दिलावर पुढं झाला. "अल्लाहू अकबर" त्यानं असं ठोकून म्हटलं, जसं काही समोर बोकड बांधलाय. आणि मग चिडीचूप. हात छातीवर, ओठ हलताहेत, आवाज नाही. गुरुजी थोडे थांबले आणि मागून हलकेच म्हणाले, "सुब्हानअल्लाह." पुढं उभा असलेला चुकला की मागच्यानं असं म्हणून त्याला जागं करायचं असतं. दिलावरला वाटलं, वाहवा मिळाली. त्यानं ओठ आणखी जोरात हलवले.

गुरुजींची बायको खुर्शीदकडं बघू लागली. खुर्शीद जमिनीकडं. तरन्नुमनं आईचं मनगट धरलं होतं, इतकं घट्ट की बांगड्या रुतल्या. सजद्यात मुटकुळं झालं, बसण्यात पाय उजवीकडं गेले, सलाम झाला. मग गुरुजी काही न बोलता उठले आणि बाजूला एकटे पढू लागले. साजिदही. दिलावर कौतुकानं बघत होता. मगरिबला तीन रकात फर्ज, म्हणजे पढायच्याच, आणि त्यानंतर एकट्यानं पढायच्या दोन सुन्नत असतात. खुर्शीदनं मोजल्या. बापलेकांनी आधी तीन पढल्या, मग दोन. म्हणजे मुलाणीशेठची मगरिब त्यांनी धरलीच नव्हती.

सगळे बसल्यावर गुरुजींनी विचारलं, "कुणाकडं शिकलात हो?"

त्या आवाजात राग नव्हता, पण उत्तराशिवाय तो माणूस उठणार नव्हता. दिलावरला तेव्हा कुठं काहीतरी चुकल्याचा वास आला. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि एकदम चेहरा पाडला.

"आईनं शिकवली, गुरुजी. लहानपणी. तिच्या पदराला धरून तिच्यासारखीच पढायचो. ती गेली, पण मी तिची तऱ्हा बदलली न्हाई."

गुरुजी विरघळले. डोळ्यांवरचा चष्मा काढून म्हणाले, "मोठी बाई म्हणायची. चूक आहे मुलाणीसाहेब, पण आईची आहे. ती सुधारता येईल."

जमलं होतं. पडद्याआड तरन्नुमनं श्वास सोडला, आईचं मनगट सोडलं. खुर्शीदनं गप्प बसायचं, एवढंच बाकी होतं, आणि बत्तीस वर्षं ती तेच करत आली होती. पण मेलेली सासू पुढं करून हा माणूस सुटला, हे तिच्या घशाखाली उतरेना. उद्या पोर त्या घरी गेल्यावर या खोट्याला जन्मभर टेकू देत बसणार. आणि कुणाच्या घरी, तर इतक्या सरळ माणसांच्या.

तिनं पडदा बाजूला केला.

"सासूबाईंना नमाज येत नव्हती," ती म्हणाली. "मी लग्न होऊन आले, तेव्हा साठीच्या होत्या. मी शिकवली त्यांना. सहा म्हैने लागले, पण रोज विचारायच्या, खुर्शीद, आता काय म्हनू. यांना आठ दिवसांपूर्वीपर्यंत येत नव्हती. यांनी माझी बघून उचलली, दाराच्या फटीतनं, मोबाइलवर. घरात जमातबिमात कधी झाली न्हाई. आता तुमी काय ठरवायचं ते ठरवा."

तरन्नुम तोंडावर हात ठेवून उभी होती. दिलावर कपाळाचा घाम पुसत हसायचा प्रयत्न करत होता, आणि ते हसू फार वाईट दिसत होतं.

गुरुजींनी चष्मा परत घातला. "मुलीला कुणी शिकवली?"

"मीच."

"कुराण?"

"ते पन."

गुरुजींनी बसल्या जागी खुर्ची फिरवली. दिलावरकडं आता त्यांची पाठ होती. "वहिनी, घर दीनदार पाहिजे म्हणालो होतो, ते बघायला मिळालं. साखरपुड्याची तारीख तुम्ही सांगा."

"बकरी ईदनंतरचा दुसरा रविवार," खुर्शीद म्हणाली.

"त्या रविवारी मला गोदामात..." दिलावर मागून म्हणाला. गुरुजींच्या बायकोनं तोवर पर्समधून डायरी काढून तारीख लिहूनही घेतली होती.

पाहुणे गेले. इशाची, रात्रीच्या नमाजेची, वेळ झाली, खुर्शीदनं कोपऱ्यात जानमाज अंथरली. दिलावर दारात येऊन उभा राहिला. आज फटीत नाही, उघड्या दारात. बराच वेळ चुळबुळ करून त्यानं विचारलं, "ते पाय... पुरुषांनी नेमके कसे ठेवायचे असतात?"

बत्तीस वर्षांत त्यानं तिला विचारलेला, मिठापलीकडचा, हा पहिला प्रश्न. खुर्शीदनं ओढणी नीट केली.

"मौलानाकडं जा," ती म्हणाली. "त्याला विचारायची लाज वाटत असंल तर मशिदीत त्याच्या मागं उभे राहून बघा. बघून उचलायची सवय आहेच तुमाला."

आणि तिनं हात बांधले.