बाबांनी दिलेली पिकअप

जुनी गाडी घेतली की आधी सगळी तेलं बदला, असं माझ्या बाबांनी आयुष्यभर गिऱ्हाइकांना बजावलं. पण स्वतःची पिकअप मला देताना म्हणाले, "गिअरबॉक्सच्या तेलाला मात्र हात लावू नकोस. ऑटोमॅटिक आहे. जुनं तेल त्याच्या सवयीचं झालंय, नवं टाकलंस तर रुसेल." मी मान डोलावली. मनात म्हटलं, म्हातारे झाले. गिअरबॉक्स काय जावई आहे का, रुसायला?

ज्या दिवशी त्यांचं गॅरेज धाकट्या भावाच्या नावावर झालं, त्याच दिवशी त्यांनी पिकअपची किल्ली माझ्या हातात ठेवली. "तुला रिकाम्या हाताने पाठवणार नाही," म्हणाले. गॅरेजवरचा हक्क सोडल्याची सही मी केली होती, आणि कुणी बळजबरी केली नव्हती. मला आनंदच झाला होता, खोटं कशाला सांगू? नवऱ्याची आणि माझी लाँड्री आहे. घरामागच्या खोलीत दोन मोठी मशिनं आणि एक इस्त्रीचं टेबल. मोठ्या दवाखान्याच्या चादरी धुवायचं काम तोंडाशी आलं होतं, पण त्यांची अट होती की गाडी स्वतःची हवी. आमच्या भाड्याच्या टेम्पोवाल्याची वेळेवर येण्याची खात्री त्याच्या आईलासुद्धा नव्हती. म्हणून ही पिकअप. सोमवारपासून फेऱ्या सुरू होणार होत्या.

शनिवारी दुपारी मी ती अंगणात जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली आणि खाली शिरले. ओझं वाहायचं तर तेल बदललेलंच बरं, बाबा काही म्हणोत. हे मी बाबांकडूनच शिकले. धाकट्याला लहानपणापासून ग्रीसची शिसारी. तो गॅरेजच्या दारात बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचा आणि मी गाडीखाली बाबांच्या शेजारी पडून पाने हातात द्यायची. पुढे पाने त्यांनी माझ्याच हातात ठेवले. अजूनही धाकट्याकडून काम अडलं की बाबा मला फोन करतात, आणि मी रविवारी जाऊन ते मार्गी लावते. पाटी त्याची, हात माझे.

गिअरबॉक्सच्या तळाला पसरट चेंबर असतं, त्यात तेल साठतं. आमच्या गाडीच्या चेंबरला तेल सोडायचं बूच नव्हतं. अशा वेळी एका कोपऱ्याचे बोल्ट सैल करत जायचं आणि चेंबर हळूहळू कलतं करायचं, नाहीतर सगळी आंघोळ आपल्यालाच. मी काळ्या, जळक्या वासाच्या तेलाची वाट बघत होते. पडलं ते लालबुंद, नव्या तेलासारखं. आणि पडलं म्हणजे काय, मधासारखं लोंबत राहिलं.

"चांगलं दिसतंय की," नवरा वाकून म्हणाला.

"चांगलं दिसतंय हेच वाईट आहे," मी म्हणाले.

घसरायला लागलेल्या गिअरबॉक्ससाठी बाजारात एक घट्ट औषध मिळतं. तेलात ओतलं की गाडी थोडे दिवस गपगुमान चालते, तेवढ्यात विकणारा विकून मोकळा होतो. बाबा त्याला 'विकायचं औषध' म्हणायचे आणि गॅरेजच्या उंबऱ्यात येऊ द्यायचे नाहीत. मी चेंबर उतरवलं. तेल गाळणारी जाळी कोरी करकरीत. आणि तळाच्या लोहचुंबकावर, जिथे फार तर राखाडी गाळ असावा, तिथे लोखंडाचे काटे उभे राहिले होते. आतून गिअरबॉक्स स्वतःलाच खात होता.

पहिली शिवी मी धाकट्याला हासडली. केसाने गळा कापला माझा, म्हणाले. आणखीही बरंच म्हणाले. नवऱ्याने ते सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण अगं, त्याला चेंबर उघडता येतं का?"

मी बोल्ट फडक्यावर काढून ठेवले होते. प्रत्येकाच्या डोक्यावर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ होती आणि तिचं दुसरं टोक चेंबरच्या कडेवर होतं. बोल्ट आवळून झाला की बाबा अशी रेघ ओढतात. बोल्ट सैल झाला तर रेघ तुटते आणि लगेच कळतं. दुसरं कुणी असं करत नाही, धाकटा तर त्यावरून हसतो. मला त्या रेघा सोडवतानाच दिसल्या होत्या, पण बाबांची गाडी, बाबांचा रंग, त्यात नवल कसलं? आता पुन्हा बघितलं. बाकी गाडीची खालची बाजू चिखलाने काळी होती आणि रेघा पांढऱ्याशुभ्र होत्या. मागच्या बोल्टांवरच्या वाकड्या होत्या. तिथे हात पोचवायला उताणं पडून खांदा मुरगाळावा लागतो.

म्हणजे ज्या माणसाला जिना चढताना गुडघा धरावा लागतो, तो माणूस मला फसवायला गाडीखाली उताणा पडला होता. मी तिथेच जमिनीवर बसून रडले. नवऱ्याने पाणी आणून दिलं, बस.

तरी काम पुरं केलं. चेंबर पुसून गळती रोखणाऱ्या नव्या गॅस्केटवर बसवलं, नरसाळ्याने योग्य तेल भरलं, गाडी खाली उतरवून इंजिन चालू केलं. ब्रेकवर पाय ठेवून सगळे गिअर फिरवले, पट्टीवर पातळी बघितली. बरोबर होती. मग रिव्हर्स टाकला. इंजिन बोंबललं, गाडी जागची हलली नाही. ड्राइव्हमध्ये टाकली तर बराच वेळ विचार करून एक हिसका देऊन पुढे गेली. ही गाडी चादरींनी भरली असती, तर दवाखान्याच्या पहिल्या चढालाच मान टाकली असती.

रविवारी सकाळी बाबा आले. नवऱ्याने फोन करून फक्त 'गाडी मागे जात नाही' एवढंच सांगितलं होतं. धाकट्याने त्यांना स्कूटरवरून आणलं आणि फाटकाबाहेरच स्कूटरवर बसून फोनमध्ये डोकं घातलं. बाबा आत आले. फडक्यावर मी लोहचुंबक ठेवला होता. त्यांनी तो बघितला, माझ्याकडे बघितलं आणि पालथ्या बादलीवर बसले.

"सांगितलं होतं, उघडू नकोस," ते म्हणाले.

"बाबा, ते औषध तुम्ही टाकलंत?"

"टाकलं."

"गॅरेज त्याला दिलंत, मी सही केली. मला गाडी नसती दिली तरी चाललं असतं. मेलेली गाडी रंगवून का दिलीत?"

"रिकाम्या हाताने पाठवली असती, तर लोक काय म्हणाले असते?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, मी दोन्ही मुलांचा विचार केला. त्याला काही येत नाही. त्याला चालू धंदा दिला नाही तर तो रस्त्यावर येईल. तुझं तसं नाही. तुला बिघडलेली गाडी दिली तरी तू ती उभी करशील. तुला जमतं."

"म्हणजे शिकले ही चूक माझी."

"असं कुठं म्हणतोय मी?"

"मग कसं म्हणताय?"

ते लोहचुंबकावरचे काटे बोटाने उगाच सारखे करत बसले. मग म्हणाले, "धाकट्याला बोलू नकोस. त्याला यातलं काही माहीत नाही. त्याला वाटतंय मी तुला चांगली गाडी दिली. हळवा आहे तो, जिवाला लावून घेईल."

मी ऐकतच राहिले. मला वाटलं होतं, माफी मागतील. तोंडदेखली का होईना. माझ्यासाठी त्यांच्याकडे शब्द नव्हता, पण धाकट्याच्या हळवेपणासाठी माझ्यापुढे हात जोडायचीही तयारी होती. सोमवारचं काम गेलं, हे मी त्यांना सांगितलंसुद्धा नाही. त्यांनी विचारलंही नाही.

फाटकाशी आलो तसा धाकट्याने फोन खिशात टाकला. "काय ताई, कशी आहे गाडी? बाबा म्हणतात एक नंबर आहे!"

मी बाबांकडे बघितलं. खरं सांगते, त्या क्षणीही मला वाटत होतं की ते बोलतील.

ते बोलले. "एक नंबरच होती. तेल बदलताना हिच्याकडून काहीतरी चुकलं."

नवरा पुढे झाला, मी त्याचा दंड धरला. धाकट्याचा चेहरा खरोखर उतरला. लबाडी नव्हती त्यात, तो तेवढा हुशारच नाही. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "होतं गं असं, ताई. वाईट वाटून घेऊ नकोस. शिकशील हळूहळू."

मी हसले. काय करणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, पण त्या दिवशी मला तोंड दाबून ठेवायचं नव्हतं.

"खरं आहे तुझं," मी म्हणाले. "बाबा, इतकी मोठी चूक करणाऱ्या बाईच्या हाती गिऱ्हाइकांच्या गाड्या द्यायच्या म्हणजे धोकाच. गॅरेजात काही अडलं तर आजपासून मला फोन करू नका."

"ए, रागावली ताई!" धाकटा हसत स्कूटर चालू करायला लागला. "चला बाबा, बसा. ती गिअरबॉक्सवाली गाडी न्यायला उद्या सकाळी माणूस येणार आहे."

ती गाडी आठवडाभर गॅरेजात उघडून पडली होती, मी यायची वाट बघत. धाकट्याच्या डोक्यात अजून काही शिरलं नव्हतं. बाबा मात्र स्कूटरजवळ उभेच राहिले, बसेनात. ते माझ्याकडे बघत होते, आणि मी फाटक लावून घेतलं.