ध्रुवावरचा मांडव

आमच्या ह्यांना दक्षिण ध्रुवावर जायचं होतं. हे म्हणजे आत्माराम, वसईजवळ उमेळे गावात मांडव घालतात. डिसेंबरात वसईला जरा गार वारा सुटला की अंगात दोन स्वेटर नि कानाला मफलर. असा माणूस ध्रुवावर जायचं म्हणतो, याला काय म्हणावं? मला जे म्हणायचं ते मी म्हणून घेतलं होतं. पण खरं सांगते, इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने स्वतःसाठी काही मागितलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. त्यामुळे मनातून मलाही वाटत होतं की जाऊन येऊ दे बिचाऱ्याला.

झालं असं की वसई पूर्वेच्या एका कंपनीला विमानासाठी निवारा बनवायचं काम मिळालं. ध्रुवावर संशोधनवाल्यांची छोटी विमानं बर्फावर उतरतात. उघड्यावर ठेवली तर इंजिन गोठतं, पंखांवर बर्फ बसतो. म्हणून अख्खं विमान आत जाईल असा कापडी तंबू हवा होता. ॲल्युमिनियमच्या कमानी कंपनीने केल्या. कापड आणि जोडणी आमच्याकडे आली, कारण कंपनीच्या पावसाळी शेडी आम्हीच घालतो.

शिलाई माझ्याकडे होती. थंडीत चेन अडकते, म्हणून चेन नाही. जाड हातमोजे घालूनही लावता येतील अशा मुठीएवढ्या लाकडी खुंट्या आणि त्यांना दोरीचे फासे. कापड गारठून तडकतं का हे बघायला ह्यांनी एक तुकडा पाचूबंदरच्या मासळीसाठीच्या बर्फाच्या कारखान्यात ठेवला. तडकला नाही, पण आठवडाभर घरात बोंबलाचा वास होता.

कंपनीने सांगितलं होतं, चाचणी पास झाली तर तिकडच्या लोकांना जोडणी शिकवायला एक माणूस पाठवू. तो माणूस म्हणजे हे. तेव्हापासून गावात जो भेटेल त्याला हे पेंग्विनबद्दल सांगत होते.

चाचणी ऐन मे महिन्यात, गावाबाहेरच्या मैदानात ठरली. कधीही मांडव न घातलेल्या माणसांनी तो नुसत्या खुणा वाचून उभा करायचा, अशी अट. कंपनीची इंजिनिअर तेजस्वी आली. विरारला फ्लॅटमध्ये राहणारी हसरी मुलगी. तिने ह्यांनी कमानींच्या पाइपांवर रंगवलेल्या खुणा बघितल्या आणि तिचं हसू थांबलं.

“काका, हे ‘पू’ म्हणजे काय?”

“पूर्व,” हे छाती काढून म्हणाले. “आमच्या सगल्या मांडवांना असाच असते. मांडवाचा तोंड पूर्वेला. पू-एकपासून सुरू करायचा नि फिरत यायचा. चुकायचा प्रश्नच नाय.”

“पण काका, तिथे पूर्व नाहीये.”

“नाय म्हंजे? सूर्य उगवत नाय तिकडं?”

“उगवतो, पण वर्षातून एकदा. आणि अगदी ध्रुवावर उभे राहिलात ना, तर जिकडे बघाल तिकडे उत्तरच.”

ह्यांनी पाइपांच्या ढिगाकडे बघितलं. वरात दारात यावी आणि मांडव शेजारच्या गावात घातलेला निघावा, तसा चेहरा झाला. तेजस्वी म्हणाली की चाचणीचा व्हिडिओ आजच परदेशात पाठवायचा आहे, नाही गेला तर ते लोक काम दुसरीकडे देतील.

“वारा तरी एका बाजूने येतो का गं तिकडे?” मी विचारलं.

“हो, बहुतेक एकाच बाजूने.”

“मग झालं तर. वारा येतो ती नवऱ्याकडची बाजू, सगळा त्रास तिकडूनच येतो. समोरची नवरीकडची, तिथे बर्फ गपचूप साचत राहील. दार मधे, भटजी बसतो तिथे. आणि मागची बाजू आचाऱ्याची. लग्न कुठल्याही देशात असलं तरी एवढी माणसं लागतातच.”

तेजस्वी आधी हसली, मग गंभीर झाली, मग म्हणाली, “काकी, रंग आहे का?”

आता ‘न’ लिहावं तर नवरा की नवरी कळेना, ‘व’ लिहावं तर वर की वधू कळेना. शेवटी ‘रा’ आणि ‘री’ लिहिलं. भटजीला ‘भ’, आचाऱ्याला ‘आ’.

कंपनीच्या हिशेब खात्यातली चार माणसं ध्रुवावरचे कोट आणि हातमोजे घालून उन्हात उभी राहिली. त्यातला ॲलिस्टर म्हणाला, “काकी, आमच्यात भटजी नसतो.”

“मग फादर समज नि खुंटी लाव.”

रस्त्यावरून एकाने स्कूटर थांबवून हाक मारली, “आत्माराम, कोनाचा लगीन हाय रं?”

“इमानाचा!” हे ओरडले. पुन्हा रंगात आले होते.

मांडव एकदाही न चुकता उभा राहिला. घामाने निथळलेल्या चौघांनी टाळ्या वाजवल्या. तेजस्वी धावत आली. “काका, कमाल केलीत! इतकं सोपं झालंय की कुणालाही जमेल. आता एवढ्या थंडीत तुम्हाला पाठवायची गरजच नाही, नुसता व्हिडिओ पुरे.”

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. हे हसले, “बरा झाला, थंडी सोसली नसती,” म्हणाले आणि सावलीत जाऊन बसले. मला माझ्या जिभेचा असा राग आला की काय सांगू! काम वाचवायला गेले आणि माणसालाच बाजूला बसवलं. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

“चला, उतरवून पेटीत भरा,” तेजस्वी चौघांना म्हणाली. “त्यांच्या विमानात हीच पेटी मावते, दुसरी नाही.”

चौघांनी मांडव उतरवला, कापडाची घडी घातली आणि पेटीत ठेवली. घडी पेटीच्या वर आली. पुन्हा काढून पुन्हा घातली, तर आणखी वर आली. ॲलिस्टर झाकणावर बसला. मग तेजस्वी स्वतः चपला काढून झाकणावर चढली आणि उड्या मारायला लागली. तरी झाकण काही बसेना.

हे उठले. “अगं, घडी उलटी घालतात ती पोरं. हवा आतच राहते. सांगून येतो.”

मी त्यांचा शर्ट धरला. “बसा.”

“अगं पन—”

“बसा म्हटलं ना. पाणी प्या.”

हे बसले. एकदा पेटीकडे बघत होते, एकदा माझ्याकडे. ऊन कलायला लागलं तेव्हा तेजस्वी आमच्यासमोर येऊन उभी राहिली. केस विस्कटलेले, चपला हातात.

“काका,” ती म्हणाली, “ही पेटी...”

ह्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, “पासपोर्ट तयार आहे ह्यांचा.”