एका तारेवरच्या शेजारणी

शेजारच्या ओडेसाच्या घरचा आणि माझा टेलिफोन एकाच तारेवर होता, त्यामुळे एकीचं बोलणं दुसरीला ऐकू यायचं. पलीकडे कुणी बोलत असेल तर रिसीव्हर मुकाट्याने ठेवून द्यायचा, ही रीत. मी ती बहुतेक वेळा पाळायचे.

त्या उन्हाळ्यात तिच्या लेकीचं, व्हर्डेलचं गाणं रेडिओवर गाजत होतं. व्हर्डेल आणि तिच्या दोन मैत्रिणी, मिळून वेलोरेट्स. ‘थांब जरा, येते मी’ हे गाणं डेट्रॉइटच्या खिडक्याखिडक्यांतून ऐकू यायचं. पण ओडेसा पडली चर्चच्या गायकवृंदाची म्होरकी. तिनं लेकीला बजावलं होतं, सुट्टी संपायच्या आत रेडिओच्या शनिवारच्या यादीत, म्हणजे श्रोत्यांच्या फर्माईशी मोजून लावतात त्या यादीत, पहिला नंबर आला तर खुशाल बसमधून गावोगाव गात फिर. नाहीतर टायपिंगचा क्लास.

गाणं भराभर वर चढलं आणि दुसऱ्या नंबरावर ठाण मांडून बसलं.

व्हर्डेल माझ्या पार्लरमध्ये केस सरळ करून घ्यायला आली ती तोंड पाडूनच.

“मिस झेल्मा, आता एकच शनिवार उरलाय.”

“कान दुमडून धर. कंगवा तापलाय.”

“मम्माला तर मनातून बरंच वाटत असेल.”

“कान धर म्हटलं ना.”

त्या संध्याकाळी बहिणीला फोन करायला रिसीव्हर उचलला, तर तारेवर एक घोगरा पुरुषी आवाज. “मी गाड्यांच्या कारखान्यातनं बोलतोय. ते ‘थांब जरा’ लाव की. आमच्या पाळीतले सगळे कामगार वाट बघताहेत.”

“लावतो, काका,” रेडिओवाला म्हणाला.

मी रिसीव्हर ठेवणारच होते.

“आणि हे बघ लेकरा, शेवटी मध्येच बडबडू नकोस. काल तू तिचा शेवटचा सूर खाल्लास. पोरीनं तो एका दमात धरलाय, पोटातनं.”

पोटातनं! दर गुरुवारी चर्चच्या गाण्याच्या तालमीला आम्हा सगळ्यांच्या कानीकपाळी हेच ओरडणारी बाई जगात एकच होती.

मग मी रीत गुंडाळून ठेवली. त्या आठवड्यात ओडेसा फोनवर सर्दी झालेली विधवा झाली, शाळामास्तरीण झाली, एकदा तर लाजरी नवी नवरीही झाली. मलाही फर्माईश करायची होती, पण तार मोकळी सापडेल तर ना.

शनिवारी ती माझ्या खुर्चीत होती. रेडिओवर यादी सुरू झाली तशी ती मोठ्यानं हवापाण्याच्या गप्पा मारू लागली. पहिला नंबर सांगितला आणि पार्लरभर बायका नाचायला लागल्या. ओडेसानं रुमाल काढून नाक पुसलं.

“लोकांना काही चव राहिली नाही,” ती म्हणाली.

व्हर्डेल धापा टाकत दारात आली. “मम्मा, ऐकलंस?”

“ऐकलं. शब्द दिलाय, तर जा. जिथं असशील तिथं रविवारी चर्च चुकवायचं नाही. आणि श्वास पोटातनं.”

लेक गळ्यात पडली तेव्हा मी कंगवा बाजूला धरून उभी होते. ती नाचत बाहेर गेल्यावर चर्चमध्ये मारतो तशी हाक मारून म्हटलं, “सिस्टर ओडेसा, तो कारखान्यातला काका खूश झाला असेल, नाही?”

तिनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. “दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकणं पाप आहे, झेल्मा.”

“आणि आवाज बदलून थापा मारणं?”

“कंगव्याकडे लक्ष दे. कान भाजशील माझा.”

सोमवारी व्हर्डेलची बस गेली. ओडेसा हात हलवत कोपऱ्यापर्यंत चालत गेली, मग तशीच घरी. संध्याकाळी तिची चौकशी करावी म्हणून मी रिसीव्हर उचलला.

“हॅलो, शिकागो रेडिओ? ट्रंक कॉल आहे, जरा पटकन ऐका,” घोगरा आवाज सांगत होता. “मी तुमच्याच गावचा खाटीक, बाहेरगावाहून बोलतोय. ते वेलोरेट्सचं गाणं...”

मी रिसीव्हर अलगद खाली ठेवला. रीत म्हणजे रीत.