पुलावरचा बोका

एकोणीसशे बासष्ट साल. एका छापखान्याच्या माडीवर, दोन खोल्यांत, हलत्या चित्रांचा छोटासा कारखाना चालायचा. तिथे एकोणीस वर्षांची एक मुलगी रंग भरायला होती. नाकावर कायम रंगाचा एखादा ठिपका, म्हणून मास्तर तिला ठिपकी म्हणत. मास्तर चित्रं काढायचे, ठिपकी रंगवायची आणि कॅमेरावाले एकेका चित्राचा फोटो घ्यायचे. बारा चित्रं झाली की कुठे सिनेमातला बोका एक पाऊल टाकायचा.

चित्रं पारदर्शक कागदांवर असत. असे कागद मिळणं मुश्कील, म्हणून फोटो झालेला गठ्ठा धुऊन दोरीवर वाळत घालायचा आणि त्यावरच पुढची चित्रं काढायची. धुण्याचं काम ठिपकीचं. डाव्या फळीवर फोटो झालेले गठ्ठे, उजव्या फळीवर व्हायचे असलेले. तिचं लग्न आठवड्यावर आलेलं, चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिने उजवीकडचा गठ्ठा उचलला. बोका पूल ओलांडतो ती अठ्ठेचाळीस चित्रं साबण लावून लख्ख धुतली.

कॅमेरावाले फळीपाशी आले. "पुलाचा गठ्ठा कुठाय?"

ठिपकीने दोरीकडे बोट दाखवलं. सिनेमा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेतल्या मुलांना दाखवायचा होता.

"लग्न हिचं आणि वरात आमची," कॅमेरावाले म्हणाले.

मास्तरांनी दोरीवरचा एक कोरा कागद काढून उजेडात धरला. मग म्हणाले, "म्हणजे बोका आंघोळीला गेला म्हणायचा. ठिपके, तू घरी जा आता."

तो टोमणा तिच्या काळजात रुतला. ती परत गेलीच नाही. पुढे संसार झाला, मुलं झाली, नातवंडं झाली. माडीवरच्या कामाबद्दल ती सगळ्यांना हौसेने सांगायची, पण धुतलेल्या गठ्ठ्याबद्दल चकार शब्द नाही. एकदा बाजारात मास्तर समोरून येताना दिसले, तर ही शेजारच्या दुकानात शिरली आणि नको असलेली बादली घेऊन घरी आली.

परवा नात फोन नाचवत आली. "आजी, तुमचा बोका सापडला. कुणीतरी जुनी रिळं साफ करून नेटवर टाकलीयत."

"नको गं, डोळे दुखतात माझे."

"चार मिनिटांचा तर आहे. मालिका बघताना बरे दुखत नाहीत?"

सिनेमा सुरू झाला. रेघा थरथरत होत्या. घरं एका अंगाला कललेली, झाडं आपली जागा सोडून सरकत होती, बोक्याचे कान कधी दोन तर कधी दीड. "काय ध्यान आहे हे," नात म्हणाली. आजीचा जीव मात्र पुलात अडकलेला.

पूल आला. बोक्याने पाय उचलला, तोच कडेने एक हात आला आणि त्याला शेपटीला धरून घेऊन गेला. वेणी घातलेली एक मुलगी बादलीत त्याला खसाखसा घासत होती. मुलगी जागची हलत नव्हती, नुसता हात वरखाली होत होता. मास्तरांना वेळच तेवढा होता. मग तिने बोक्याला कानांना चिमटे लावून दोरीवर वाळत घातलं, आणि वाळल्यावर अलगद पुलाच्या पलीकडे ठेवून दिलं. तिच्या नाकावर ठिपका होता.

नात पोट धरून हसली. "सगळ्यात भारी हेच. कोण गं ही?"

"मी," आजी म्हणाली. "परत लाव."

चष्मा पुसत तिने नातीला सगळं सांगितलं. "मला वाटलं, हाकललं मला त्यांनी. आणि ते बसले होते माझी चूक निस्तरत."

कारखाना वर्षभरात बंद पडला; माडीवर आता औषधांचं गोदाम आहे. कॅमेरावाल्यांनी फोटोचं दुकान काढलं आणि ते शेवटपर्यंत चालवलं. मास्तर एका शाळेत चित्रकला शिकवायला लागले. त्यांना जाऊन बावीस वर्षं झाली. नातीने खटपट करून त्यांच्या मुलीचा नंबर मिळवला.

"मी ठिपकी बोलतेय," आजी म्हणाली.

पलीकडून आवाज आला, "अहो, बाबा दर वर्षी वर्गाला तो बोका दाखवायचे. मुलं त्या मुलीलाच सगळ्यात जास्त हसायची. बाबा म्हणायचे, ही नसती तर माझा सिनेमा कुणाच्या लक्षातही राहिला नसता."

ठिपकी आता ब्याऐंशी वर्षांची आहे. दुकानातली ती बादली अजून मोरीत आहे, आणि नातीला तिच्यात रंगाचे ब्रश धुवायची परवानगी आहे. मात्र काही धुवायच्या आधी आजीला विचारावं लागतं.