तांबड्याला एक बाटली कमी

संघपालचा अंदाज चुकला असं गारखेड्यात कुणी सांगितलं असतं, तर बाकीच्यांनी त्याला येड्यात काढलं असतं. पातळ रेझिनवर उजेड पाडून थरावर थर घट्ट करत वस्तू उभी करायचं मशीन त्याच्या खोलीत होतं. किती रेझिन लागेल याचा आकडा कॉम्प्युटर सांगायचा, पण तो नुसत्या वस्तूचा. तिला धरून ठेवणारे टेकू, ट्रेच्या तळाशी राहणारं, धुण्यात जाणारं, हे सगळं संघपाल मनात धरायचा, आणि तो बोलला की तेवढंच लागायचं. रंगीत रेझिन मात्र गिऱ्हाइकानंच आणायचं, असा त्याचा रिवाज. उरलेले रंग सांभाळायचे कुणी?

आणि ह्याच माणसानं गोकुळच्या बैलाला जाणूनबुजून एक बाटली कमी सांगितली!

गोकुळ लासूर स्टेशनचा शेतकरी. म्हातारा होऊन मेलेल्या लाल कंधारी बैलाचे, तांबड्याचे, मोबाईलमधले फोटो घेऊन आला, हुबेहूब मूर्ती काढून द्या म्हणाला आणि दुपारभर बोलत सुटला. तांबड्या कसा त्याच्याच हातची पेंड खायचा, पोळ्याला शिंगं रंगवताना कसा गुमान मान खाली घालायचा. दोनदा चहा झाला. बायको गेल्यापासून संघपालच्या घरात दुसरा कप निघालाच नव्हता. लेक तनुजा बंगळुरूला; रविवारी फोनवर "जेवलात का पप्पा?" विचारायची, की संपलं.

"किती बाटल्या आणू?" गोकुळनं उठता उठता विचारलं.

दोन लागणार हे संघपालला पक्कं ठाऊक होतं. पण माणूस उठला तशी खोली खायला उठली. "एक बास," तो म्हणाला. कमी पडली की परत येईल, बसेल, एवढाच त्याचा हिशेब.

गोकुळ बाटली देऊन गेला तो उभ्या उभ्याच, गाडी गाठायची होती म्हणून. बैलाचे पाय झाले, पोट झालं, आणि वशिंडापाशी ट्रे कोरडा पडला. संघपालनं मशीन थांबवून फोन लावला. "गोकुळभाऊ, कमी पडलं बघा. अजून एक घेऊन या." मग जाऊन जास्तीचं दूध आणलं.

बाटली आली, पण रिक्षावाल्याच्या हाती. गोकुळनं दुकानदाराला सांगून परस्पर धाडली होती.

दुसऱ्या बाटलीचा रंग नावाला तोच, माल निराळ्या खेपेचा. बैल खाली लालभडक, वर काळपट, आणि मानेवर आरपार रेघ. रंग मारून रेघ झाकता आली असती; पण फसवायची हौस त्याची आता फिटली होती.

गोकुळ आला. बैल खिडकीपाशी नेऊन त्यानं रेघेवरून अंगठा फिरवला.

"हे काय ओ?"

"दोन बाटल्यांचा रंग जुळला नाही. दोन्ही आधीच मिसळून घ्यायला पायजे होत्या."

"मग आधीच दोन सांगायच्या की! तुमचा अंदाज चुकत नाय म्हणत्यात."

"चुकला नाही," संघपाल म्हणाला. "मुद्दाम एक सांगितली. तुम्ही परत याल म्हणून. इथं कुणीच येत नाही हो. नवा काढून देतो, रेझिन माझं."

"नको." गोकुळनं बैल गमछ्यात गुंडाळला, चपला घातल्या, आणि दारात थांबला.

"नुसतं चहाला या म्हणला असता, तरी आलो असतो की. त्यासाठी माझ्या तांबड्याच्या मानंवर सुरी कशाला फिरवली?"

संघपालच्या तोंडून "बसा" निघेपर्यंत तो गल्लीच्या टोकाला पोचला होता.