डाव्या हाताचे सूर

समीक्षाने ढोलकीचा आवाज पूर्ण बंद केला, मग गायकाचा, मग कोरसचा, आणि पुन्हा कान देऊन ऐकलं. बेस गिटार अजूनही गढूळच होती. गोधडीखालून कुणी बोलावं तशी नुसती गुरगुर, सूर एकही कळत नव्हता.

मागच्या खुर्चीत जीवनभाऊ बसले होते. चाळीसगावच्या या छोट्या स्टुडिओत त्यांच्या बँडचं पहिलंच भीमगीत रेकॉर्ड होत होतं आणि त्यांचा पारा चढला होता. दोष बेस वाजवणाऱ्या संघपालचा, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. बँडमध्ये नवा, शाळेत शिकवणारा माणूस. हातात जोरच नाही, म्हणाले. उद्या धुळ्याहून दुसरा वादक येणार होता आणि संघपालचं वाजवणं गाण्यातून पुसलं जाणार होतं. त्याला अजून कळवलेलं नव्हतं, एवढंच.

समीक्षाला ते पटत नव्हतं. तिने कीबोर्डही बंद करून संघपालची गिटार एकटीच लावली आणि ती हरखून गेली. ढोलकीच्या प्रत्येक घुमाऱ्याला जागा सोडत हा माणूस किती स्वच्छ वाजवत होता. मग माशी शिंकत कुठे होती? तिने कीबोर्ड परत चालू केला, तसा तो गढूळपणाही परत आला. आता झाली का पंचाईत. कीबोर्ड खुद्द जीवनभाऊंचा होता.

इतकी वर्षं बँडमध्ये बेस वाजवायला कुणी नव्हतंच. जयंती असो की लग्न, खालचे भारी सूर भाऊंनी एकट्याने डाव्या हातावर पेलले होते. बँड उभा राहिला तोच मुळी त्या हातावर. संघपाल आला, पण हाताची सवय काही गेली नाही. दोघंही एकाच वेळी तेच सूर वाजवत होते.

हे भाऊंना सांगायचं कसं? त्यांची गाणी ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती. तिने सांगण्याऐवजी ऐकवायचं ठरवलं. कॉम्प्युटरवर कीबोर्डचे खालचे, डाव्या हाताचे सूर तेवढे निवडून बंद केले आणि बाकी सगळं गाणं लावलं.

जीवनभाऊ खुर्चीत पुढे सरकले.

"हा कोण वाजवतोय? धुळेवाला आजच आला का?"

"संघपालदादाच आहे, भाऊ."

"मग तू काय बदललंस?"

तिने गाणं तसंच चालू ठेवलं. भाऊंचा डावा हात सवयीने मांडीवर गाण्याचे सूर दाबत होता. त्यांची नजर खाली गेली आणि बोटं थांबली. समीक्षाला वाटलं, आता हे उठून जातील.

"म्हंजे मीच दाबी राहिंतू त्याले," ते हळूच अहिराणीत म्हणाले.

एवढे सूर काढून टाकते, कुणाला कळायचंही नाही, असं समीक्षाने सुचवलं. भाऊंनी मान हलवली. कापलेलं नको, नव्याने वाजवतो म्हणाले, आणि आत जाऊन हेडफोन चढवून कीबोर्डपुढे बसले. डावा हात त्यांनी मांडीखाली दाबून ठेवला. काचेपलीकडून ते पाहताना समीक्षाला भाऊंचा फार अभिमान वाटला.

गाणं सुरू झालं. भाऊ उजव्या हाताने हलकेच वाजवत होते. दुसऱ्या अंतऱ्याआधी कीबोर्डचा मोठा तुकडा होता, भाऊंचा आवडता. तिथे संघपालची गिटार पुढे आली आणि भाऊ डोळे मिटून ऐकतच राहिले. कार्यक्रमात कधी ठेका न चुकलेला माणूस स्वतःचा तुकडा वाजवायचाच विसरला.

गाणं संपल्यावर समीक्षाने माईकवरून विचारलं, तेवढा तुकडा परत घ्यायचा का.

भाऊंनी हेडफोन काढले.

"राहू दे. तठे त्यालेच वाजाडू दे."