घुगरीतला कापूस

महागावजवळच्या तांड्यात कापूस वेचणीचे दिवस होते. साल एकसष्टचे. सकाळी रामीबाई धाकट्या जावेच्या, मानीबाईच्या दारात विस्तव मागायला आली आणि आत चिंचोके मांडत बसलेली गमली किंचाळली. कान दाबून ती भिंतीवर डोके आपटू लागली.

रामीबाई तशीच मागे फिरली.

"पाह्यलं ना, मानीबाई?" तांड्याचा नायक धावजी समोरून म्हणाला. "तुई लेक कोणाले भेते ते?"

मानीबाईने आत जाऊन लेकीचे डोके छातीशी धरले. लेक आठ वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. चिंचोक्यांची ओळ कुणी मोडली तर चावे. शाळेच्या घंटेलाही ती अशीच किंचाळे, म्हणून गुरुजींनी तिला वेडी ठरवून घरी धाडले. भगताने वेगळेच सांगितले : घरातच डाकण आहे. रामीबाईला मूल नव्हते. तांड्याला तेवढे पुरले. अमावास्येला गमलीच्या पोटावर तापल्या विळ्याचा डाग द्यायचा आणि त्याच दिवशी रामीबाईला हाकलायचे, असे ठरले.

हे कानावर येताच शाळेत नव्याने आलेल्या शिक्षिका मथुराबाई अमावास्येच्या आदल्या दिवशी मानीबाईच्या ओट्यावर येऊन बसल्या.

"सरकारनं सुई टोचाले धाडली काय इले?" धावजी पुटपुटला.

पाण्याला निघालेल्या बायका दारावरून गेल्या. गमली किंचाळली. मागून धावजीची सून गेली. गमली पुन्हा किंचाळली. रामीबाई पार लांब, कुडाशी उभी होती.

"आता कोणाला भ्याली?" मथुराबाईंनी विचारले.

"ते माह्या घरची सून हाय," धावजी म्हणाला. "तिची गोष्ट अलग."

मथुराबाई मानीबाईकडे वळल्या. "तुमच्याजवळ का रडत नाही ती?"

मानीबाईचा हात कानाजवळ केसांत लोंबणाऱ्या, तांड्यातली प्रत्येक सवाष्ण घालते तशा चांदीच्या घुगरीकडे गेला. तिच्यातले घुंगरू मात्र वाजत नव्हते.

"तान्ही होती तवा दूध पेताना लय रडे. म्हून मी यात कापूस कोंबलता..." ती मग जावेकडे पाहू लागली.

रामीबाई पुढे आली. तिने आपली घुगरी केसांतून सोडवायला घेतली.

"रामे!" धावजी ओरडला. "नवरा जित्ता हाय तुया! रांडपण घेतं काय?"

"तो वावरात कापूस येचून राह्यला. याच्यानं नाही मरत तो."

घुगरी मानीबाईच्या ओढणीत टाकून ती आत गेली. गमलीने वर पाहिलेही नाही. रामीबाईने ओळीच्या टोकाला एक चिंचोका ठेवला. तो थोडा वाकडा पडला. गमलीने बोटाने तो सरळ केला.

मानीबाई दारातच खाली बसली आणि रडू लागली.

"ती वेडी नाही," मथुराबाई म्हणाल्या. "तिच्या कानांना आवाज सोसत नाही. तिला वेगळ्या रीतीनं शिकवावं लागेल. मी शिकवीन."

"घुगरी काढून डाकणीनं आपली खूण लपवली, दुसरं काय," धावजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी, अमावास्येला, दोघी जावा गमलीला घेऊन शाळेत गेल्या. गुरुजींनी घंटा वाजवायचा दांडा उचलला होता. मथुराबाईंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"एका पोरीपायी शाळा बिनघंटेची चालवायची?"

"हो," त्या म्हणाल्या आणि दारात उभ्या राहून त्यांनी नुसता हात वर केला. पोरे हसत आत आली.

तांड्यात भगताने विळा तापवून ठेवला होता. गमली नाही, रामीबाईही नाही. धावजीने जमलेल्या बायकांवरून सावकाश नजर फिरवली. आणखी कोणाला मूल नाही, ते तो आठवू लागला.